लुळा ट्रिगर म्हणजे निकामी पिस्तूल नव्हे

प्रश्न: मी कर्वेनगरला राहते. नोकरी सांभाळून चार वर्षं २५ मीटर पिस्तूल खेळते, सराव बालेवाडीला. पिस्तूल पॉइंट टू-टूचं (०.२२ कॅलिबरचं), सेमी-ऑटोमॅटिक, माझ्याच लायसन्सवरचं, चार वर्षांपूर्वी नवं घेतलेलं. गेल्या शनिवारी रॅपिडच्या एका मालिकेत पाच गोळ्या भरल्या. तिसरी सुटली आणि ट्रिगर मागेच राहिला. बोटाने पुढे ढकलला तर आला, चौथी सुटली, की परत मागेच. आता तो निखळलेल्या कडीसारखा लुळा हलतो. रेंज बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून मॅगझिन काढलं, ते रिकामं होतं, आणि पिस्तूल डब्यात ठेवून घरी आणलं. शेजारच्या लेनवरचे सर म्हणाले, ट्रिगर स्प्रिंग गेली. माझ्या काकांचं भोसरीत स्प्रिंगचं वर्कशॉप आहे. ते म्हणतात, तुकडा आण, अर्ध्या तासात वळून देतो. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. करून घेऊ का? शिवाय आत्तापर्यंत गोळ्या जेमतेम पंधरा हजार झाल्या असतील. घरी रोज दीडेकशे वेळा ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबायचा सराव, करते तेवढीच. इतक्यात स्प्रिंग तुटते कशी?

उत्तर: स्प्रिंगचं नंतर बघू, आधी गोळ्या मोजू. पाच भरल्या, चार सुटल्या, मॅगझिन रिकामं निघालं. मग पाचवी कुठे गेली?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटली की स्लाइड आपोआप मागे जाते, काडतुसाची रिकामी केस (पितळी नळकांडं) बाहेर फेकते, हॅमर (फायरिंग पिनवर आपटून गोळी पेटवणारी हातोडी) ताणते आणि पुढे येताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, सारते. यातल्या कुठल्याही कामात ट्रिगर स्प्रिंगचा हात नसतो. ती तुटली तरी हे सगळं बिनबोभाट पार पडतं. म्हणजे चौथी सुटली तेव्हाच पाचवी चेंबरमध्ये गेली, हॅमर ताणलेला राहिला आणि तुमच्या हातात रिकामं मॅगझिन आलं. पत्रात स्लाइड उघडून चेंबर पाहिल्याचं लिहिलेलं नाही, सेफ्टी फ्लॅगचाही (चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून त्यात घालायच्या रंगीत तुकड्याचा) उल्लेख नाही. लिहायचं राहून गेलं असेल तर उत्तमच. हा भाग तुम्हाला पत्र मिळताच कळवला आहे, इथे बाकीच्यांसाठी पुन्हा देतो.

अशा अवस्थेतलं पिस्तूल चालू पिस्तुलापेक्षा जास्त फसवं असतं. ताणलेल्या हॅमरला अडवून धरणारा भाग म्हणजे सिअर, आणि ट्रिगरचा दाब त्याच्यापर्यंत नेणारी पट्टी म्हणजे ट्रिगर बार. ट्रिगर मागे असताना डिसकनेक्टर नावाच्या भागाने ट्रिगर बारला सिअरपासून बाजूला केलेलं असतं, म्हणून दाबून काही होत नाही. ट्रिगर पूर्ण पुढे आला की बार परत सिअरला लागतो आणि पिस्तूल तयार होतं. पुढे आणायचं काम स्प्रिंगचं. ती नसली की ट्रिगर गुरुत्वाकर्षणाच्या हवाली! डबा स्कूटरच्या पायाशी उभा ठेवला, नळी खाली झाली, तर ट्रिगर स्वतःच्या वजनाने झुलून पुढे येऊ शकतो. मग डबा उघडताना बोट चुकून कुठे लागलं तर काय होईल हे सांगायला नको.

पिस्तूल अजून उघडलं नसेल तर असं करा. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. घरात दुसरं कोणी त्या खोलीत नको. प्लास्टिकची मोठी बादली कोरड्या वाळूने गच्च भरा आणि नळी वाळूकडे रोखा, वाळूत खुपसू नका. फरशी किंवा सिमेंटची भिंत ही सुरक्षित दिशा नव्हे, गोळी तिथून उलटते. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड पूर्ण मागे. क्रम उलटा केला आणि मॅगझिनमध्ये काही उरलेलं असेल, तर एक गोळी निघून दुसरी आत जाईल. स्लाइड मागे अडकवून ठेवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, उजेड कमी असेल तर मोबाइलच्या टॉर्चने बघा, मग फ्लॅग घाला. निघालेलं काडतूस वेगळं ठेवा. ट्रिगर लुळा असला तरी स्लाइड नेहमीसारखीच मागे येते.

आता रेंजवरच्या त्या क्षणाबद्दल. ट्रिगर बोटाने पुढे ढकलून चौथी मारलीत, ती मारायला नको होती. तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा आत कुठे पडला आहे हे तुम्हाला दिसत नाही. तो सिअरखाली अडकला तर सिअर हॅमरला अर्धवटच धरतो, आणि मग स्लाइड बंद होतानाच गोळी सुटू शकते. ट्रिगर मेला की बोट बाहेर, नळी टार्गेटच्या दिशेला, पिस्तूल हातातच, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. स्पर्धेतही याचाच फायदा होतो. ट्रिगर यंत्रणा न चालणं हा आंतरराष्ट्रीय नियमांत मान्य बिघाड आहे. पण ऑफिसर येण्याआधी तुम्ही यंत्रणेला हात लावलात की तोच बिघाड अमान्य ठरतो आणि न मारलेल्या गोळ्या शून्यावर जातात. ट्रिगर पुढे ढकलणं म्हणजे यंत्रणेला हात लावणंच.

निदानाकडे येऊ. लेनवरच्या सरांचा अंदाज बहुधा बरोबर आहे, पण ‘ट्रिगर स्प्रिंग’ या नावाखाली रेंजवर तीन वेगवेगळ्या स्प्रिंगा खपतात. ट्रिगरला पुढे आणणारी रिटर्न स्प्रिंग, सिअरला जागेवर दाबून धरणारी सिअर स्प्रिंग आणि हॅमरला ताकद देणारी मेन स्प्रिंग. रिकाम्या पिस्तुलात, चेंबरमध्ये स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून, एक चाचणी करा. हॅमर ताणा, ट्रिगर दाबा, हॅमर पडेल. ट्रिगर दाबूनच धरा आणि दुसऱ्या हाताने स्लाइड मागे नेऊन सोडा. आता बोट हळूहळू ढिलं करा. चांगल्या पिस्तुलात ट्रिगर बोटाबरोबर पुढे येतो आणि एका जागी बारीक ‘टिक’ जाणवतं, तो रिसेट. तुमच्याकडे ट्रिगर मागेच राहील. मागून नखाने अलगद पुढे ढकला. ‘टिक’ झालं आणि पुढच्या दाबाला हॅमर नीट पडला, तर सिअर, डिसकनेक्टर आणि मेन स्प्रिंग शाबूत आहेत, गेली आहे ती रिटर्न स्प्रिंगच.

याउलट ट्रिगर छान परत येतो पण स्लाइड सोडली की हॅमरही तिच्यामागे खाली येतो, असं झालं तर दोष सिअरमध्ये किंवा त्याच्या स्प्रिंगमध्ये. ते पिस्तूल त्या दिवसापुरतं नव्हे, दुरुस्त होईपर्यंत बंद. अशाच पिस्तुलातून एका दाबात दोन गोळ्या सुटतात. आणि ट्रिगर, हॅमर दोन्ही ठीक पण गोळी पेटत नाही, काडतुसाच्या रिमवरचा (मागच्या कडेवरचा) पिनचा ठसा उथळ दिसतो, तर मेन स्प्रिंगकडे किंवा फायरिंग पिनच्या वाटेतल्या मळाकडे बघायचं.

स्प्रिंग शाबूत असूनही ट्रिगर मागे राहू शकतो, हे पुण्यात पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवावं. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फुगते. ज्या पिस्तुलांत ट्रिगर बार ग्रिपच्या आतल्या बाजूने जातो, तिथे फुगलेलं लाकूड किंवा हाताच्या मापासाठी थापलेली पुट्टी बारला घासते. ग्रिपचा स्क्रू काढून, ग्रिप बाजूला ठेवून वरचीच चाचणी करा. ट्रिगर लगेच सुधारला तर स्प्रिंग निर्दोष आहे, लाकूड घासलेल्या जागी चकाकी आलेली दिसेल, तेवढंच पॉलिश पेपरने उतरवायचं. दुसरं कारण मळ. पॉइंट टू-टूच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, त्यात शिशाची पूड आणि न जळलेली दारू मिसळून काळा चिकट थर होतो. तिसरं, ट्रिगर किती मागे जाईल हे ठरवणारा स्टॉप स्क्रू स्वतःहून फिरलेला असणं. पण तुमचा ट्रिगर लुळा आहे. मळाने किंवा लाकडाने अडलेला ट्रिगर जड चालतो, लुळा होत नाही. म्हणून तुमच्याबाबतीत शंकेला जागा थोडीच आहे.

‘इतक्यात कशी तुटली’ याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. रोज दीडशे ड्राय, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ९००. वर्षाचे ५० आठवडे धरून ४५,०००. चार वर्षांत १,८०,०००. त्यात खऱ्या गोळ्यांचे १५,००० मिळवा. स्लाइडची रिकॉइल स्प्रिंग फक्त गोळ्या मोजते, तिच्या दृष्टीने पिस्तूल पंधरा हजारांचं. ट्रिगर स्प्रिंग खेच मोजते, तिच्या हिशेबात ते जवळजवळ दोन लाखांचं झालंय. नेमबाजांच्या वह्यांत गोळ्यांचा रकाना असतो, ड्रायचा नसतो, आणि मग स्प्रिंग ‘अचानक’ तुटते. एक रकाना आजच वाढवा.

स्प्रिंगची तार एका दणक्याने तुटत नाही, थकून तुटते. प्रत्येक खेचीला वाकाच्या जागी ताण येतो. तिथे पक्कडीचा ओरखडा असेल, गंजाचा टाचणीएवढा खड्डा असेल, तर चीर तिथे सुरू होते आणि दर खेचीला केसाएवढीही नाही अशी पुढे सरकते. म्हणून ट्रिगर स्प्रिंग मधल्या वेढ्यात क्वचित तुटते. पिनवर बसणारी, दोन पाय असलेली टॉर्शन स्प्रिंग असेल तर वेढा संपून पाय सुरू होतो त्या जागी. ताणाची आकडेवाली स्प्रिंग असेल तर आकड्याच्या गळ्याशी. ट्रिगरमागच्या भोकात बसणारी दाबाची छोटी स्प्रिंग सहसा तुटत नाही, ती बसते, म्हणजे आखूड होते, आणि ट्रिगर लुळा न होता आळशी होतो. तुटलेला तुकडा दहापट भिंगाखाली धरला तर थकव्याची खूण दिसते. तोंडाचा एक भाग गुळगुळीत, मळकट, आणि उरलेला लखलखीत खडबडीत. गुळगुळीत भाग म्हणजे चीर हळूहळू सरकत होती तो काळ. खडबडीत भाग म्हणजे शनिवार.

आता काका. भोसरीत स्प्रिंगचं वर्कशॉप चालवणारा माणूस तारेबद्दल आमच्यापेक्षा जास्त जाणतो, यात वाद नाही. तरीही त्यांच्याकडून वळून घेऊ नका. एक तर तारेचा व्यास. स्प्रिंगची ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते. मूळ तार ०.८ मिलिमीटर असेल आणि हाताशी ०.९ची आहे म्हणून ती वापरली, तर स्प्रिंग ६० टक्क्यांनी कडक होते. तुटकी, थकलेली स्प्रिंग मोजून तिचा मूळ मोकळा कोन कळत नाही, आणि ट्रिगरमध्ये ताकद येते ती त्या कोनातून. वळल्यानंतर पियानो वायरला साधारण २३० अंशांवर अर्धा तास ठेवून आतला ताण काढावा लागतो. काका ते करतीलच, पण घाईत वळलेल्या एकुलत्या एका नगाला भट्टी कोण लावतो? गंज नको म्हणून कोणी झिंक चढवलं तर प्लेटिंगमधला हायड्रोजन तारेत शिरून ती ठिसूळ होते, तो तापवून काढला नाही तर स्प्रिंग नवी असतानाच तुटते. मोटारसायकलच्या स्प्रिंगमध्ये असला फरक खपून जातो. एक किलोवर जोखलेल्या ट्रिगरमध्ये खपत नाही.

दुसरं म्हणजे कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हे परवान्याचं काम आहे, आणि त्याच कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. पिस्तूल काकांच्या वर्कशॉपमध्ये ठेवून आलात तर तुमच्याबरोबर काकाही अडचणीत येतील. परदेशातून कुरिअरने स्प्रिंग मागवायचा मोहही याच कारणाने आवरा, आयातीलाही परवाना लागतो. भाग मागवायचा तो परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा आपल्या संघटनेच्या वाटेने. दुरुस्तीला पिस्तूल तुम्ही स्वतः नेलंत तर सर्वांत बरं. ते शक्य नसेल तर कलम ३ मध्ये सोय आहे. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकते. पत्रावर परवाना क्रमांक, पिस्तुलाचा क्रमांक, कुठून कुठे आणि तारीख घाला, परवान्याची प्रत जोडा. वाटेत पिंपरी-चिंचवडची हद्द लागत असेल तर तिथलं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. कागद पूर्ण असले की प्रश्नच येत नाही.

काकांचा उपयोग मात्र करून घ्या. तुटलेल्या टोकाचे मोबाइलवर जवळून चार-पाच फोटो काढा आणि त्यांना दाखवा. थकवा आहे, गंजाचा खड्डा आहे की बसवतानाच पाय जास्त वाकवला होता, हे ते एका नजरेत सांगतील. यातलं उत्तर महत्त्वाचं आहे. थकवा असेल तर नवी स्प्रिंग घाला आणि विसरा. गंज असेल तर बाकीच्या स्प्रिंगाही त्याच डब्यात, त्याच दमटपणात होत्या, त्याही बदला. आणि तार एका बाजूने घासून चपटी झालेली दिसली, तर ट्रिगरच्या पिनला किंवा फ्रेमच्या भोकाला कड आलेली आहे. ती काढल्याशिवाय नवी स्प्रिंगही तिथेच तुटणार.

साफसफाईसाठी पुस्तिकेत सांगितलंय तेवढं पिस्तूल घरी खुशाल उघडा. ट्रिगरची आणि सिअरची पिन ठोकून काढायचं काम परवानाधारक आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) द्या, आणि शक्य असेल तर समोर बसा. बघण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. उघडण्याआधी फोटो काढतो का. पिन पंच पिनच्या मापाचा घेतो का. लहान पंचाने पिनचं डोकं फुलतं आणि ते फ्रेमचं भोक मोठं करतं. पिन ज्या बाजूने निघायला हवी त्याच बाजूने ठोकतो का, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, भागांच्या आकृतीत असतं. काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करत असेल तर माणूस अनुभवी आहे, कारण उडालेली स्प्रिंग खाटेखाली जात नाही, पिशवीतच राहते. स्प्रिंग बसवताना ट्रिगर, स्प्रिंग आणि ट्रिगर बार हे तिन्ही एका तात्पुरत्या आखूड पिनवर एकत्र धरायचे आणि मग खऱ्या पिनने ती आखूड पिन पुढे ढकलत बाहेर काढायची, ही नेहमीची रीत. असं न करता पायांना पक्कडीने खेचून जागेवर आणलं की पुढच्या चिरेची सोय तिथेच झाली. टॉर्शन स्प्रिंगचे दोन पाय सारखे दिसत असले तरी बहुतेकदा सारखे नसतात. उलटी बसली तर वेढे आवळण्याऐवजी उकलतात आणि महिनाभरात परत तेच.

आणि तुटका तुकडा! जुन्या स्प्रिंगचे सगळे तुकडे जोडून पूर्ण लांबी भरते का ते बघा. तीन मिलिमीटरचा पाय सापडत नसेल तर तो पिस्तुलातच आहे. सापडेपर्यंत काम संपलं नाही.

नवी स्प्रिंग बसली की रिकाम्या पिस्तुलात वरची रिसेटची चाचणी दहा वेळा. मग हॅमर बाहेर असेल तर तो ताणून अंगठ्याने मागून ढकला, पडता कामा नये. मग मॅगझिन न लावता स्लाइड तिच्या ताकदीने चार-पाच वेळा सोडा, हॅमर तिच्यामागे येता कामा नये. चार-पाच म्हणजे चार-पाचच, रिकाम्या चेंबरवर स्लाइड आपटवत बसणं सिअरच्या धारेला चांगलं नाही.

त्यानंतर वजन. तुमच्या प्रकारात ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा हवा. रिटर्न स्प्रिंगचं वजन त्यातच धरलं जातं, त्यामुळे स्प्रिंग बदलली की पहिल्या टप्प्याचं (हॅमर सुटण्याआधीच्या हलक्या खेचीचं) आणि एकूण वजन दोन्ही हलतात. थकलेल्या स्प्रिंगवर जुळवलेला ट्रिगर नव्या स्प्रिंगवर बहुधा जड लागेल. तो हलका करायला सिअरची पकड कमी करू नका, पहिल्या टप्प्याच्या स्क्रूपासून सुरुवात करा. घरी तपासायला लिटरभर पाण्याची बाटली पुरते. तारेचा आकडा लावून बाटली आणि आकडा मिळून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बरोबर १००० ग्रॅम होईपर्यंत पाणी कमी-जास्त करा. पिस्तूल रिकामं, हॅमर ताणलेला, नळी सरळ वर, आकडा ट्रिगरच्या मध्याजवळ, आणि बाटली जमिनीवरून सावकाश उचला. हॅमर पडला नाही तर पास. स्पर्धेत यासाठी तीन प्रयत्न मिळतात, पण १००० वर काठोकाठ जुळवलेला ट्रिगर सकाळच्या थंडीत एक आणि दुपारी एक वागतो. १०३० च्या आसपास ठेवा.

खरी गोळी फक्त रेंजवर, कोचना सांगून. मॅगझिनमध्ये आधी एक. मग दोन. दोनच का, तर एका दाबात दोन सुटायच्या असतील तर दोनच सुटाव्यात, पाच नव्हेत. असं चार-पाच वेळा निर्वेध झालं की पाच भरा, आणि स्पर्धेआधी किमान शंभर गोळ्या झाल्या पाहिजेत.

तीन आठवड्यांत स्प्रिंग मिळाली नाही तर? क्लबच्या पिस्तुलावर आजपासून सराव सुरू करा, शेवटच्या आठवड्यात नको. अनोळखी ट्रिगरशी जुळवून घ्यायला पंधरवडा लागतोच. वाईट वेळ कधी येईल ते सांगता येत नाही. टोकियोत २०२१ साली मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. दहा मीटरला घड्याळ चालूच राहतं. पंचवीस मीटरला मान्य बिघाड असेल तर दुरुस्तीला किंवा पिस्तूल बदलायला पंधरा मिनिटं मिळतात, पण बदली पिस्तूल आधी तपासून घेतलेलं हवं. त्यामुळे क्लबचं पिस्तूलही तपासणीला न्या.

पुढच्यासाठी थोडं. आठवड्यातून एकदा बाटलीने ट्रिगर तोला आणि आकडा वहीत लिहा. कुठलाही स्क्रू न फिरवता १०३० चे हळूहळू १००५ झाले तर स्प्रिंग बसते आहे. एकदम पन्नासाने घसरले तर आत काहीतरी बिघडलं आहे, पिस्तूल आर्मररला दाखवा. दहा सेकंदांच्या मालिका मारत असाल तर ट्रिगर परत यायला कुचराई करतो हे तिथे आधी जाणवेल. तुमच्याइतका ड्राय असेल तर रिटर्न स्प्रिंग वर्षातून एकदा, मोठ्या स्पर्धेच्या दोन महिने आधी बदलावी, असं आमचं मत. वस्तू स्वस्त आहे, मागवायला वेळ लागतो, म्हणून दोन नग एकदम मागवा. त्याच वेळी सिअर स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टरची (रिकामी केस ओढून काढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंगही मागवून ठेवा. ड्राय कमी करा असं मात्र आम्ही म्हणणार नाही, नेम त्यातूनच येतो. फक्त पिस्तुलात ड्रायची वेगळी सोय नसेल तर स्नॅप कॅपशिवाय करू नका. पॉइंट टू-टूत फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या काठावर आपटते, काठाला खाच पडते आणि मग केस अडकायला लागतात.

तेल शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर येईल तेवढा एक थेंब ट्रिगरच्या पिनला. जास्त घातलं तर तेच मळ धरतं. खोबरेल कोणी सुचवलं तर हसून सोडून द्या, डिसेंबरच्या सकाळी बालेवाडीला ते बाटलीत गोठतं तसं पिस्तुलातही गोठेल. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल आणि फोम कोरडा. ओला फोम म्हणजे स्प्रिंगला रात्रभर दिलेली ओली पट्टी.

नवी स्प्रिंग पहिल्या काही शे खेचींत थोडी बसते. म्हणून दोनशे ड्रायनंतर वजन परत बघा, पाचशेनंतर पुन्हा एकदा. स्क्रू फिरवायचा तो त्याच दिवशी, तिथेच, स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या रांगेत उभं राहून नाही.